अँटेना आतली की बाहेरची

लियाकतने तो फॉर्म माझ्यापुढे ठेवला तेव्हा माझा चहा झालेला होता, पेपर वाचून संपला होता आणि माझी मनःस्थिती उत्तम होती. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे घडलं त्याचा दोष मला मनःस्थितीवर ढकलायचा नाही.

फॉर्म मासेमारी बोटीच्या परवान्याचा होता. रकाने एकोणीस. अठरा लियाकतने भरले होते. एकोणिसाव्यात छापलं होतं, 'जीपीएस अँटेना : अंतर्गत / बाह्य (नको ते खोडा)'. लियाकतने काहीच खोडलं नव्हतं. म्हणून कचेरीने फॉर्म परत केला होता आणि वर लाल शाईत 'अर्जदाराने खोडावे' असा शेरा मारला होता.

आमच्या मोहोपाड्यात मासेमारीची बोट कुठून आली, असं कोणीही विचारील. ती मोहोपाड्यात नव्हती, शेजारच्या चौक गावाला होती. लियाकत आणि मी एकाच कारखान्यात होतो. तो फायबरच्या टाक्यांच्या दुरुस्तीला, मी इन्स्ट्रुमेंट विभागात, एकतीस वर्षं. रिटायर झाल्यावर त्याने चौकला जुन्या हायवेवर पत्र्याची शेड घालून फायबरचं काम सुरू केलं. पाण्याच्या टाक्या, बाथरूमची दारं, कुणाच्या फार्महाऊसला घसरगुंडी. मे महिन्यात त्याच्या बहिणीची, बिलकिसची, बोट तळाला तडकली म्हणून ट्रेलरवर चढवून तिथे आणली. तेव्हापासून एक ढाबा आणि एक टायरवाला यांच्या मधोमध ती बोट उभी होती. तिचं बंदर तिथून रस्त्याने सत्तर किलोमीटर. पुण्याला जाणारे लोक गाडी थांबवून तिच्यासोबत फोटो काढत.

"तू इन्स्ट्रुमेंटवाला," लियाकत म्हणाला. "सांग. आत की बाहेर?"

प्रश्न साधा होता. बाजारात दोन तऱ्हेची यंत्रं मिळतात. एकात आकाशातला सिग्नल पकडणारी अँटेना यंत्राच्या पोटातच असते. दुसऱ्यात ती वेगळी, पांढऱ्या छोट्या वाटीएवढी, केबिनच्या टपावर बसवायची आणि वायर खाली आणायची. दुकानदाराने लियाकतला दोन्ही देऊन टाकली होती, ठरेल ते ठेवा म्हणून. मी जन्मभर दाब मोजला, तापमान मोजलं, टाकीतली पातळी मोजली. जीपीएस मी फक्त मोबाइलमध्ये पाहिला आहे, आणि तिथेही आमच्या सौ. माझ्यापेक्षा त्यातल्या रस्ता सांगणाऱ्या बाईचं जास्त ऐकतात. पण एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर मित्रासमोर हात वर करायचे म्हणजे काही राहतच नाही. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "बघून सांगतो."

मग लियाकतने खरी गोष्ट सांगितली. बिलकिसचा नवरा अकरा वर्षांपूर्वी बोट घेऊन गेला तो परत आलाच नाही. मागच्या हंगामात तिचा मुलगा आमिर धुक्यात वाट चुकला, त्याचा मोबाइल संपला, आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारी किनाऱ्याला लागला. तोवर बिलकिस जेट्टीवरून हलली नव्हती. बोट तिच्या नावावर आहे. तिने सांगून टाकलं होतं, 'ह्या बोटीला घर सापडंल, असं कुणी जाणता माणूस माझ्या तोंडावर सांगंल तवाच ती पाण्यात जाईल.' बाकीच्या बोटी ऑगस्टपासून समुद्रात होत्या. सप्टेंबर लागला होता. आमिरचे चार खलाशी अजून आठ दिवस थांबणार होते, मग दुसऱ्या बोटीवर जाणार होते. खलाशी गेले की आमिरचा हंगाम गेला.

"मग जाणता माणूस शोध की," मी म्हणालो.

"शोधला," लियाकत म्हणाला. "तुझं नाव सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी मी चौकला गेलो. सोबत रजिस्टर, लाल-निळं पेन, आणि रिटायरमेंटच्या वेळी चुकून घरी आलेली सीलची स्टिकरं. आमच्या कारखान्यात तपासलेल्या प्रत्येक मीटरवर स्टिकर लागायचं. 'तपासले. छेडछाड करू नये.' खाली सही. त्या स्टिकरला मॅनेजरसुद्धा हात लावत नसे. मी हे बढाई म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो.

बोटीत चढायला लियाकतने शिडी लावली. मी आतल्या अँटेनाचं यंत्र बॅटरीला जोडलं. 'उपग्रह शोधत आहे' असं पडद्यावर आलं आणि पाऊण तास तेच राहिलं. मग बाहेरच्या अँटेनाचं यंत्र जोडलं आणि पांढरी वाटी शेडच्या बाहेर, टायरवाल्याच्या ढिगावर ठेवली. तीन मिनिटांत नऊ उपग्रह. मी घड्याळ पाहिलं, वेळ लिहिली, खाली रेघ मारली आणि लियाकतला म्हणालो, "बाहेरची. आतली बिनकामाची आहे. बहिणीला कळव."

त्याने तिथल्या तिथे फोन लावला. मी त्याला थांबवायला हवं होतं. पण पलीकडून बिलकिसचा आवाज आला, "साईनाथभाईंनी सांगितलं? मग झालं," आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी कोंडाजींनी माझ्या बरं वाटण्याची वाट लावली. कोंडाजी मूळचे लोधिवलीचे, आमच्या बिल्डिंगची जमीन त्यांची होती म्हणून तळमजल्याचा फ्लॅट त्यांचा. ते दिवसभर जिन्याजवळ खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ला देतात. मी सगळा प्रयोग त्यांना सांगितला, म्हणजे त्यांनी विचारून घेतला.

"शेडला पत्रा हाय ना रं?" ते म्हणाले.

"आहे."

"पत्र्याखाली आमचा मोबाइलबी लागत नाय. बोटीला पत्रा हाय का?"

"बोटीची केबिन फायबरची आहे."

"मंग त्या डब्याचा काय दोष? त्याला पत्र्याखाली कोंडलास आनि आंधळा म्हनलास." त्यांनी तंबाखू मळली. "उघड्यावर नेऊन बघ."

ज्या माणसाने समुद्र पाहिलेला नाही त्याने मला जलवाहतुकीवर बोलावं याचं मला वाईट वाटलं. मीही फारसा पाहिलेला नाही, पण ते वेगळं. तरी रात्री झोप लागेना. तेव्हा दोन्ही यंत्रं गच्चीवर नेऊन, पद्धतशीर, दर तासाला नोंदी घेऊन, प्रश्न कायमचा मिटवायचा असं ठरवलं.

गच्चीवर स्कूटरची जुनी बॅटरी ठेवली, खुर्ची ठेवली, पावसाची सर आली तर म्हणून छत्री बांधली. पांढरी वाटी टाकीच्या पाइपावर बसवली. दुपारपर्यंत सोसायटीत बातमी गेली की साईनाथ कर्णुक यांनी गच्चीवर टॉवर उभारला आहे. सेक्रेटरी समीक्षाताई वर आल्या. पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरच्या दोघीतिघी आल्या आणि दारातच थांबल्या, किरणं लागू नयेत म्हणून.

"काका, हे सोडतं का काही?" समीक्षाताईंनी विचारलं.

"हे काही सोडत नाही. हे फक्त घेतं."

"काय घेतं?" मागून एकीने घाबरून विचारलं. मी एकतीस वर्षं लोकांना मीटर समजावले, पण त्या दुपारी मला यश आलं नाही. समीक्षाताईंनी नियमावर बोट ठेवलं. गच्चीवर अँटेना लावायची तर अर्ज हवा, आणि सोसायटीकडे छापील अर्ज एकाच प्रकारचा होता, मोबाइल टॉवरचा. मी तो भरला. टॉवरची उंची : सात सेंटिमीटर. पायाचे बांधकाम : नाही. टॉवर पडल्यास होणारी संभाव्य हानी : चहाच्या कपाएवढी. अर्ज नोटीस बोर्डावर तीन दिवस हरकतींसाठी लावण्यात आला. अकरा हरकती आल्या. त्यातली एक आमच्या सौ. माधवींची होती. 'सदर इसम दिवसभर उन्हात बसतो व जेवायला खाली येत नाही.'

हरकतींवर निर्णय होईपर्यंत मी नोंदी घेत राहिलो. अठ्ठेचाळीस नोंदी झाल्या. आता एक गोष्ट सांगायची आहे, ती मी तेव्हा कोणालाच सांगितली नव्हती. उघड्या आकाशाखाली आतल्या अँटेनाचं यंत्र बाहेरच्याइतकंच चाललं. चाललं म्हणजे थोडं सरसच चाललं, कारण बाहेरच्याची वायर जिथे यंत्राला जोडली जाते तिथे ती सैल होती आणि दर चार-पाच तासांनी सिग्नल जायचा. फायबरच्या केबिनखाली आतलीच ठीक, हे रजिस्टर ओरडून सांगत होतं. कोंडाजी बरोबर होते.

मी रजिस्टर मिटलं. निकाल मी देऊन बसलो होतो. लियाकतने बहिणीला कळवलं होतं, बहिणीने 'मग झालं' म्हटलं होतं. आता फिरून सांगायचं, की मी पत्र्याखाली यंत्र तपासलं? आणि ते जिन्याजवळच्या खुर्चीतून दुरुस्त झालं? मी वायर घट्ट केली, चिकटपट्टी गुंडाळली आणि स्वतःला समजावलं की बाहेरची अँटेना म्हणजे केव्हाही वरचढ, आकाशाला जवळ. मग दोन्ही यंत्रांवर सील लावलं. सही करताना हात थोडा थांबला होता, तीही नोंद करून ठेवतो.

फॉर्मवर मी 'अंतर्गत' खोडलं. लियाकत तो घेऊन कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने एकोणिसावा रकाना पाहून मान डोलावली आणि विचारलं, "तपासणीसाठी बोट सध्या कुठे आहे?"

"चौकला."

"चौक कुठल्या खाडीत येतं?"

लियाकतने खरं ते सांगितलं. चौक हायवेवर येतं. कारकून म्हणाला, बोट पाण्यात असल्याशिवाय तपासता येत नाही. लियाकत म्हणाला, परवान्याशिवाय पाण्यात कशी घालू? कारकुनाने हा मुद्दा वरिष्ठांपुढे नेला. वरिष्ठ जेवायला गेले होते. ते परत आले तेव्हा त्यांनी 'एका दिवसाच्या चाचणीपुरती' परवानगी दिली, तीही लियाकत बाहेर बाकावर बसून राहिला म्हणून. खलाशांच्या मुदतीचे दोन दिवस उरले होते.

बोट पुन्हा ट्रेलरवर चढली. रेवदंड्याच्या अलीकडे एक लहानसं बंदर आहे, तिथे ती पाण्यात उतरवली. पांढरी वाटी केबिनच्या टपावर मी स्वतःच्या हाताने बसवली. दुसरं यंत्र पिशवीत ठेवलं, राखीव म्हणून. जेट्टीवर बिलकिस उभी होती. बारीक अंगाची, पन्नाशीची, डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेली. मला वाटलं होतं ती आभार मानेल. तिने ताडपत्री मागितली.

"केबिनच्या काचा झाका," ती आमिरला म्हणाली. "बाहेरचं काय दिसू नये. आपण खाडीच्या बाहेर जाऊ आणि तू नुसतं ह्या यंत्रावर घरी आण. धुकं असतं तसं."

"अम्मी, मला डोळे झाकूनसुद्धा खाडी येते."

"तुझ्या अब्बांनाबी येत व्हती," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "साईनाथभाई, तुमी पन चला. तुमी सांगितलंय ना."

मी गेलो. समुद्राने माझ्या पोटाचं काय केलं ते सांगत नाही, तो तपशील या प्रकरणाशी संबंधित नाही. खाडीबाहेर दोन-तीन किलोमीटरवर बोट फिरवली. काचा झाकल्या. बिलकिस आणि लियाकत बाहेर नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला बसले, आमिर आणि मी आत काळोख्या केबिनमध्ये. मी ऐटीत म्हणालो, "घराचं चित्र आहे ते बटण दाब." आमिरने दाबलं. पडद्यावर बाण आला, त्याखालचे बारीक आकडे कोणी वाचले नाहीत. आमिरने बोट बाणावर धरली. जवळजवळ वीस मिनिटं आम्ही त्या बाणाच्या मागे सरळ रेषेत गेलो आणि मी मनातल्या मनात कोंडाजींना उत्तरं दिली.

आधी तळाला काहीतरी घासलं. मग बोट हळूच, कसलाही आवाज न करता थांबली. टपावर फांद्या खरखरल्या, कट्कन काहीतरी तुटलं आणि पडद्यावर आलं, 'अँटेना जोडलेली नाही'.

ताडपत्री काढली तर आम्ही कांदळवनात होतो. पुढे चिखल, दोन्ही बाजूंना चिखल, ओहोटी लागलेली. पांढरी वाटी एका फांदीला वायरसकट लोंबत होती. जेट्टी उजवीकडे लांबवर दिसत होती, अगदी वेगळ्या दिशेला.

"तुम्ही बाहेर बसून बघत होतात," मी बिलकिसला म्हणालो. "सांगायचंत तरी."

"खडक असता तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "चिखल हाय. म्हटलं बघू, तुमचं यंत्र कुठवर नेतंय."

मी पिशवीतून दुसरं यंत्र काढलं आणि जोडलं. आमच्या डोक्यावर फायबरचं छप्पर होतं. एका मिनिटात अकरा उपग्रह. लियाकतने माझ्याकडे पाहिलं, मी पाहिलं नाही. आमिरने घराचं बटण दाबलं. याही यंत्राने तोच बाण दाखवला, थेट चिखलातून, झाडांतून, डोंगरांकडे. दोन्ही यंत्रांचं पूर्ण एकमत होतं.

"काका," आमिर वाकून म्हणाला, "इथं घर चव्वेचाळीस किलोमीटर दाखवतंय. हे घर कुणाचं?"

मला कळायला फार वेळ लागला नाही. गच्चीवर पहिल्या दिवशी यंत्राने विचारलं होतं, घराची जागा नोंदवू का. मी दोन्ही यंत्रांत नोंदवली होती, नीट, चार उपग्रह स्थिर होईपर्यंत थांबून. मग सील लावलं होतं. वीस मिनिटं हा पोरगा बोट घेऊन मोहोपाड्याला, आमच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीकडे निघाला होता.

"तुला होकायंत्रावरून कळलं नाही?" लियाकतने त्याला विचारलं.

"कळलं ना मामू. वाटलं, डावीकडे चाललोय. पण काकांचं सील होतं. म्हटलं, आपल्याला काय कळतंय."

मी स्टिकरवरची माझी सही पाहिली. आज चिखल होता. धुक्यात, एकट्याने, त्याने माझ्या सहीवर विश्वास ठेवून खडक गाठला असता. तेवढ्यात मोबाइल वाजला. माधवी होत्या.

"कुठे आहात?"

"घरापासून चव्वेचाळीस किलोमीटर," मी म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

भरती यायला पाच तास होते. पाच तास चौघं जण चिखलात बसून राहिले की काही लपवून ठेवता येत नाही. मी बिलकिससमोर बसलो आणि सगळं सांगितलं. शेडचा पत्रा. कोंडाजी. अठ्ठेचाळीस नोंदी. "रजिस्टर आतली म्हणत होतं," मी म्हणालो. "मी आधी बाहेरची म्हणून बसलो होतो, म्हणून बाहेरचीच लावली. मला बोटीतलं काही कळत नाही. मी आजपर्यंत बोटीत बसलो नव्हतो. तुमच्या भावाला मी हे पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं."

लियाकतने मान खाली घातली. मला वाटलं, आता ही बाई मला शिव्या देईल, आणि त्या मी घेतल्या असत्या. ती खाडीकडे बघत होती.

"त्या दिवशी हवा बिघडलेली व्हती," ती म्हणाली. "मी आमिरच्या अब्बांना विचारलं, जावं का नको वाटतंय? तर म्हनले, मला समजतं सगळं. सगळ्या बंदराला सांगून बसले व्हते की जानार म्हणून. मंग कसं फिरायचं?" तिने ओढणीने तोंड पुसलं. "त्यांनी फिरून सांगितलं असतं तर कुनी हसलं असतं दोन दिवस. हसू दे की."

मग ती आमिरला म्हणाली, "ऐकलंस ना? चुकलो तर चुकलो म्हणायचं. आनि कुनाचं सील असलं तरी डोळ्याला वेगळं दिसलं तर थांबायचं."

"हो अम्मी."

"कुनाचंबी," ती म्हणाली, तेव्हा मी लियाकतकडे फॉर्म मागितला. तो त्याच्या खिशातच होता. मी 'बाह्य' खोडलं, आधी खोडलेल्या 'अंतर्गत'वर बरोबरची खूण केली आणि बाजूला सही केली. कचेरी हे चालवून घेईल की नाही ते ठाऊक नव्हतं. तिने चालवून घेतलं नाही, नवा फॉर्म भरावा लागला, पण ते दुसऱ्या दिवशी.

चारच्या सुमाराला पाणी चढलं. आमिरने काचा उघड्या ठेवून, डोळ्यांनी बघत, बोट जेट्टीला आणली. मी घाईने यंत्र हातात घेतलं, जेट्टीची जागा घर म्हणून नोंदवून निदान एवढं तरी नीट करावं म्हणून. बिलकिसने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"इथं नाय," ती म्हणाली आणि चालू लागली. बॅटरी खांद्यावर घेऊन आमिर तिच्या मागे, त्याच्या मागे लियाकत आणि गुडघ्यापर्यंत चिखल माखलेला मी. जेट्टीसमोरच्या गल्लीत तिसरं घर तिचं. तिने दार उघडलं आणि यंत्र उंबऱ्यावर ठेवलं.

"अम्मी, बोट इथवर कशी येईल?" आमिर म्हणाला. "जेट्टीचं घालू दे."

"जेट्टीचं वेगळं घाल. खाडीच्या तोंडाचं वेगळं घाल. घर इथं घाल." मग ती मला म्हणाली, "साईनाथभाई, ते तुमचं चिकटवलेलं काढा."

मी खाली बसलो आणि नखाने सील खरवडलं. एकतीस वर्षांत मी स्वतःचं सील काढलं नव्हतं. ते सहज निघालं नाही, सहीचा तुकडा राहिला, तोही काढला. मग कुठलं बटण ते दाखवलं आणि हात मागे घेतला. बिलकिसने स्वतःच्या बोटाने दाबलं. उपग्रह स्थिर होईपर्यंत आम्ही चौघं गल्लीत उभे होतो. पडद्यावर आकडा आला, घर शून्य मीटर.

बिलकिसने तो जवळ जाऊन वाचला, मग पुन्हा वाचला. उंबऱ्यावरून यंत्र उचलून तिने आमिरच्या हातात दिलं.

"उद्या खलाशांना बोलव," ती म्हणाली. "आनि जाऊन ये."